सुतकातली सुट्टी

शैलजा माईणकर जपानातल्या समुद्राकाठच्या चिकुऱ्याच्या स्टेशनवर उतरली, तेव्हा तिची आई जाऊन तिसरा दिवस लागला होता. सांगलीत गल्लीतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. तोक्योत एदोगावाला ती ज्या इमारतीत राहायची, तिथल्या दोन घरांनाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तिला एकटीला.

खांद्याला कापडी पिशवी, हातात उन्हाची छत्री आणि पायात नवे सपाट बूट अशी ती फलाटावर उभी राहिली. वारा खारट होता. स्टेशनात माणूस म्हणून एकच, तोही तिकिटं घेणारा, आणि त्याने वाकून केलेला नमस्कार. तिला फार बरं वाटलं. एकोणपन्नास वर्षांच्या आयुष्यात ती पहिल्यांदाच, कुणाच्या लग्नाला नाही, बाळंतपणाला नाही, देवदर्शनालाही नाही, नुसती चार दिवस बसायला म्हणून कुठे आली होती.

आई तिला फोनवर म्हणालीच होती, "समुद्राकाठी जाऊन काय करणार एकटी?"

"काही नाही. बसणार."

"बसायला इतक्या लांब? आपल्या जिन्यात का बसेनास."

हे शेवटचं बोलणं. त्याला तेव्हा आठ दिवस झाले होते.

शैलजा सांगलीची. मराठी शाळेत शिकली, मराठी शाळेतच गणित शिकवायला लागली. वडील गेले तेव्हा ती तिशीची, लग्न लांबत चाललेलं. धाकट्या संपदाचं आधीच उरकलेलं, मग आईचं बघता बघता स्वतःचं राहूनच गेलं. त्याचं दुःख तिने कधी उगाळलं नाही. "माझी पत्रिका मारुतीच्या देवळात राहिली," असं म्हणून ती स्वतःच हसायची. पुढे शाळेतली पटसंख्या घटली, तुकड्या बंद व्हायला लागल्या, आणि त्याच सुमारास तोक्योत आपल्याकडची संगणकवाली माणसं कुटुंबं घेऊन जाऊ लागली. त्यांच्या मुलांसाठी एदोगावाच्या बाजूला शाळा निघाली होती. तिथे गणिताला बाई हव्या होत्या. आईच म्हणाली, "जा. मला संपी आहे. दोन गल्ल्यांवर तर राहते." शैलजा गेली. त्याला दोन वर्षं झाली होती.

तिथली मुलं मराठीत विचारलं तर इंग्रजीत सांगायची, आणि मधल्या सुट्टीत आपापसांत जपानीत भांडायची. शैलजाला जपानी बाजारापुरतं आणि कचऱ्यापुरतं यायचं. जळणारा कचरा कोणत्या वारी, बाटल्या कोणत्या वारी, हे मात्र तिला इमारतीतल्या कुणाहीपेक्षा पक्कं पाठ. सकाळी देवापुढे दिवा, मग सायकल, मग शाळा. सांगलीला दर शनिवारी फोन. आई पडल्यापासून रोज.

आई जूनच्या अखेरीला न्हाणीघरात पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. शैलजाची शाळा जुलैत सुटली. ती त्याच दिवशी निघाली असती. पण तिच्या राहण्याच्या परवान्याची मुदत वीस ऑगस्टला संपत होती. नव्या शिक्क्यासाठी अर्ज टाकला होता. परवाने देणाऱ्या कचेरीची तऱ्हा अशी, की अर्ज देताना आपणच आपल्या पत्त्याचं पोस्टकार्ड लिहून द्यायचं. काम झालं की तेच कार्ड ते टपालात टाकणार. कार्ड येऊन शिक्का पडायच्या आत देशाबाहेर गेलात तर परत येताना पंचाईत होईल, नोकरीचं आम्ही सांगू शकत नाही, असं शाळेच्या ऑफिसने बजावलं होतं. म्हणून शैलजा रोज सकाळ-दुपार खाली जाऊन टपालपेटी उघडून बघायची. पेटीत पिझ्झ्याच्या जाहिराती.

आईची एकच मागणी होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने फोन मागून घेतला होता. "शैले, हे बघ. जायची वेळ आली की तोंडात पाणी तू घालायचंस. संपीचा हात थरथरतो. सगळं उशीवर सांडेल."

"काही काय बोलतेस."

"काही काय नाही. हो म्हण."

"हो," शैलजा म्हणाली होती. "पण तू थांबायचंस तोवर."

"मला कुठं जायची घाई आहे," आई म्हणाली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आईच्या छातीत कफ भरला. संपदाने फोनवर 'थोडा खोकला आहे, बोलायला लावू नको, निरोप मी सांगते' एवढंच सांगितलं. मंगळवारी डॉक्टर म्हणाले, घरी न्या. नारळी पौर्णिमा झाली, आणि गुरुवारी सकाळी आई गेली. संपदाचा नवरा रणजित याने अग्नी दिला. त्याच दिवशी दुपारी घरात बसून ठरलं, की शैलजाला कळवायचं नाही. कळवलं तर ती यायची नाहीच, तिला येताच येणार नाही, आणि परक्या देशात बंद खोलीत एकटी ऊर बडवत बसेल. नाही तर सगळं सोडून येईल आणि नोकरी घालवेल. आणि आता येऊन तरी काय. शिक्का पडून ती आली की समोर बसवून सांगू. सगळ्यांना ते पटलं. आपल्याकडे परदेशातल्या माणसाच्या बाबतीत ते पटतंच.

संपदाने फक्त एक फोन केला. तो शैलजाच्या शेजारच्या दमयंतीला. "तुमच्या कानावर असू दे. आणि तिनं ती समुद्रावर जायची खोली घेतलीय ना, ती रद्द करू देऊ नका. जाऊ दे तिला. पुढं रडायचंच आहे."

त्यामुळे शनिवारी सकाळी दमयंती सायकल हाताने ढकलत निशी-कासाईच्या स्टेशनपर्यंत सोडायला आली. एरवी ही बाई एका दमात चार घरच्या बातम्या सांगणारी. त्या दिवशी मुकी.

"एवढं सोडायला काय यायचं? मी काय सासरी चाललेय?" शैलजा म्हणाली.

"असू दे हो. नीट जेवा. आणि शैलजाताई, रोज सांगलीला फोन नका करत बसू. चार दिवस आराम करा. संपदा आहे की तिथं."

"अगं, मी काय जेवले ते रोज सांगावं लागतं. त्याशिवाय आईला घास जात नाही."

दमयंतीने सायकलची घंटी पदराने पुसली. ती आधीच स्वच्छ होती.

"नवऱ्याशी भांडलीस का?"

"नाही हो," दमयंती म्हणाली. "डोळे आलेत जरा."

चिकुऱ्याला शैलजा उतरली ते हामादा-सान नावाच्या बाईंचं घर होतं. घरातल्याच चार खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, सकाळ-संध्याकाळ जेवू घालायचं. हामादा-सानना सत्तरी उलटून गेली होती. तरुणपणी त्या समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले आणि समुद्रातलं शेवाळ काढायच्या. अजूनही चालताना पाय फाकून, होडीत उभं राहिल्यासारख्या चालायच्या. त्यांना शाळेतल्या जपानी बाईंनी आधीच फोन करून सांगितलं होतं की पाहुणी मासे खात नाही. हे त्यांच्या काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं.

"मासे नाही. बरं. झिंगे?"

"नाही."

"माशाचं नुसतं पाणी?"

"तेही नाही."

"मग तुम्ही जगता कशावर?" त्यांनी अगदी काळजीने विचारलं, आणि शैलजाने पिशवीतून भाजणीची पिशवी काढून दाखवली. हामादा-साननी वास घेतला. "हं. गुरांचं असतं तसं," म्हणाल्या. शैलजाला इतकं हसू आलं की तिला जिन्यावर बसावं लागलं. आईला हे सांगायचंच, असं तिने मनात धरून ठेवलं.

घरापुढे अंगणभर लाल-जांभळं शेवाळ चटयांवर वाळत घातलेलं होतं. उन्हात ते दिवसागणिक पांढरं होत जाई. त्याचंच म्हणे चायना ग्रास होतं. आपल्याकडे दूध घालून वड्या करतात ते. शैलजाने आयुष्यभर पुड्यातलं पाहिलं होतं. ते समुद्रात उगवतं हे तिला एकोणपन्नासाव्या वर्षी कळलं.

संध्याकाळी ती बंदराजवळच्या टेलिफोनच्या पेटीत शिरली आणि कार्डावरचे लांबलचक आकडे दाबून सांगलीला फोन लावला. संपदाने उचलला.

"आवाज काय झालाय तुझा?"

"सर्दी झालीय."

"आई?"

"झोपलीय गं."

"या वेळी?"

"औषधानं झोप येते."

"बरं, उठवू नको. तिला सांग, इथं दारोदार चायना ग्रास वाळत घातलंय, आपण कुरडया घालतो तसं. आणि म्हातारी भाजणीला गुरांचं खाणं म्हणाली."

"सांगते."

"आत्ता नको. उठल्यावर."

"हो ताई," संपदा म्हणाली. "उठल्यावर."

रविवार शैलजाने अक्षरशः काही न करता घालवला. सकाळी खडकांच्या कडेने वाळूचा एवढासा पट्टा होता तिथे जाऊन बसली. बूट काढले, पावलं पाण्यात सोडली. तोक्योतली बरीच दुकानं-कचेऱ्या बोनच्या सणाला बंद होत्या, तेवढ्यात कार्ड यायचं नाही म्हणूनच ती निघाली होती. आपल्या पितरांसारखे त्यांचे मेलेले लोक त्या चार दिवसांत घरी येतात. त्यामुळे गावात बाहेरगावच्या गाड्या लागलेल्या, दारात लहान मुलांच्या चपला. पण समुद्रावर कुणी नव्हतं. दुपारी ती चटईवर आडवी झाली ती तीन तास झोपली. वडील गेल्यापासून ती दुपारची झोपली नव्हती. उठून तिने हामादा-साननी दिलेलं पीच खाल्लं. रस कोपरापर्यंत ओघळला, तो तिने चक्क चाटला. रात्री नऊला लावलेला सांगलीचा फोन कुणी उचलला नाही; तिकडे तेव्हा साडेपाच. ऊन उतरल्यावर आईला खुर्चीत बसवून देवळापर्यंत नेलं असेल, असं वाटून तिला उलट बरंच वाटलं.

त्या वेळी घरातली माणसं अस्थी घेऊन हरिपूरच्या संगमावर होती.

सोमवार उजाडला. श्रावणी सोमवार म्हणजे शैलजाचा उपास. तिने अंघोळ करून पिशवीतली गणपतीची तसबीर खिडकीत ठेवली, उदबत्ती लावली आणि आईच्या पायाला आराम पडू दे, माझं कार्ड लवकर येऊ दे, एवढंच मागितलं. देवाकडे फार मागायची तिची रीत नव्हती. आज धान्य खाणार नाही म्हटल्यावर हामादा-सान थोडा वेळ तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग आत जाऊन त्यांनी अंगणातल्याच शेवाळाच्या पातळ पारदर्शक शेवया करून आणल्या, वर काळा गूळ वितळवून घातलेला.

"हे झाड नाही, धान्य नाही, मासा नाही," त्या म्हणाल्या. "आता तरी खा."

शैलजाने खाल्ल्या. थंडगार होत्या. उपासाला हे चालतं की नाही ते आईला विचारायचं ठरवलं.

संध्याकाळी सहाला तिने फोन लावला. तिकडे दुपारचे अडीच. या वेळी रणजितने उचलला. रणजित सरळ माणूस. पाटबंधारे खात्यात कारकून, कपाळाला गंध, सकाळची पूजा चुकवायचा नाही. आईच्या आजारपणात दोघं नवरा-बायको आईच्याच घरी येऊन राहिले होते, तेव्हापासून आईच्या देवांची पूजाही तोच करायचा.

"संपदा जरा बाहेर गेलीय," तो म्हणाला.

"आई?"

"आहेत. म्हणजे, आराम."

"परवाही आराम, आजही आराम. तिला म्हणावं, शैला म्हणते माझ्याशी बोलायला तुला कंटाळा आला का?"

पलीकडे रणजितने घसा खाकरला.

"बरं, ते राहू द्या. आज सोमवार. आईच्या महादेवाला बेल वाहिलात ना? ती पहिलं तेच विचारेल."

"हो हो," रणजित एकदम सुटल्यासारखा बोलला. देवाचं विचारल्यावर त्याला खोटं बोलायचं नव्हतं. "बेल वाहिला की. जोशीकाकूंनी सकाळीच एकशेआठ पानं आणली. त्यांनीच वाहिला."

"जोशीकाकूंनी? घरात येऊन?"

"सध्या त्याच करतायत ना पूजा."

आणि मग तो थांबला. शैलजाही थांबली. पेटीच्या काचेवर एक डास बसला होता, तो उडून गेला.

संपदा बाजूला बसली असेल म्हणावं, तर हा बाप्या घरात होता. याला ताप असेल, तर तो फोनवर असा खणखणीत बोलला नसता. घरात पूजा करणारं माणूस धडधाकट असताना देव परक्या घरच्या हाती कधी जातात, ते शैलजाला चांगलं माहीत होतं. बाबा गेले तेव्हा याच शेजारच्या जोशीकाकू दहा दिवस येत होत्या. अशीच फुलांची परडी घेऊन, उंबऱ्यातून कुणाला न शिवता आत जायच्या.

ती विचारू शकली असती. विचारलं असतं तर रणजित एक तर खोटं बोलला असता, नाही तर खरं. दोन्हीपैकी काहीच तिला फोनच्या पेटीत उभं राहून ऐकायचं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "ठेवते."

"ताई," रणजित म्हणाला.

"ठेवते हो," म्हणून तिने फोन जागेवर अडकवला.

बाहेर ऊन उतरलं होतं. ती नेहमीच्या वाटेने वाळूच्या पट्ट्यापाशी आली. बातमी कानावर आली की अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. बातमी तशी कुणी दिलीच नव्हती. पण कळली होती. तिने बूट काढले, ते नीट जोडीने ठेवले, छत्री त्यावर आडवी ठेवली, आणि साडी न खोचता ती पाण्यात चालत गेली.

गुडघ्यापर्यंत गेल्यावर तिला आठवलं ते आईचं काही नाही. बाबा गेले तेव्हाचं आठवलं. संपदा तेव्हा सासरी बेळगावला, आठवा महिना चाललेला. सांगायचं नाही हे ठरवलं होतं ते शैलजानेच. नुसतं ठरवलं नाही, चौथ्या दिवशी स्वतः डिंकाचे लाडू घेऊन गेली होती, रंगीत साडी नेसून. "बाबांची पाठ धरलीय, म्हणून आले नाहीत," असं सांगून, दिवसभर बसून, हसून परत आली होती. संपदाला बाळंतपणानंतर कळलं. ती भांडली नाही. नंतर कधीतरी भाजी निवडताना एवढंच म्हणाली, "ताई, तू त्या दिवशी माझ्याबरोबर दोन वेळा जेवलीस. पुन्हा भात मागून घेतलास." शैलजा तेव्हा म्हणाली होती, "तुझ्यासाठीच गं." आणि तिला ते खरंच वाटत होतं.

पाणी कमरेला आलं. तिने डोळे मिटले, नाक धरलं आणि खाली बसली.

वर आली ती कुणीतरी दंडाला धरून ओढत होतं म्हणून. हामादा-सान. घरातल्या झग्यासकट छातीपर्यंत पाण्यात, आणि त्यांची पकड अशी की दंड निखळतो की काय. अंगणातलं शेवाळ गोळा करताना त्यांनी बूट बघितले होते. जोडीने ठेवलेले बूट आणि समुद्रात चालत जाणारी एकटी बाई. त्यांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला होता.

"बोनमध्ये समुद्रात शिरायचं नसतं," त्या धापा टाकत ओरडल्या. "मेलेली माणसं पाय धरतात. आणि तू अजून तरुण आहेस."

शैलजाने मान हलवली. तसं नाही, हे सांगायला तिच्याजवळ शब्द नव्हते. बाजारात आणि कचऱ्याच्या जागी हे शब्द लागत नाहीत. तिने ओंजळीत पाणी घेऊन डोक्यावर ओतलं, एकदा, दोनदा. मग म्हणाली, "आई." तो शब्द तिला येत होता. आणि "वारली" हाही येत होता, शाळेतल्या पहारेकऱ्याच्या बायकोच्या वेळी ती तो शिकली होती.

हामादा-साननी दंड सोडला नाही, पण ओढायचं थांबवलं.

"कधी?"

शैलजाने तोंड उघडलं. "मला माहीत नाही," ती म्हणाली.

 म्हातारी तशीच उभी राहिली. एक बरी मोठी लाट आली, दोघी हलल्या, एकमेकींना धरून पुन्हा उभ्या राहिल्या. शैलजा रडत नव्हती. किती दिवस झाले, म्हणजे आपल्याला किती उरले, हा हिशेब ती मांडत होती. शुक्रवारी तिने दिवा लावला होता. शनिवारी, रविवारी, आज उदबत्ती. सुतकात देवाला शिवली. पीच चाटून खाल्लं. झोपली तीन तास.

घरी आल्यावर हामादा-साननी तिला कोरडं सुती पायघोळ वस्त्र दिलं. मग आतल्या खोलीकडे बोट केलं. तिथे त्यांचा देव्हारा होता, त्यात नवऱ्याचा फोटो, आणि सणासाठी मांडलेली फळं, पाण्याची वाटी. त्यांनी कपाटातून आणखी एक वाटी काढली, पाणी भरलं. "तुझ्या आईला ठेव. लांबून यायची आहे. तहान लागेल."

शैलजा उंबऱ्यापाशी थांबली.

"ये ना."

"नाही येत. दहा दिवस देवाला शिवायचं नाही."

"आमच्यात याच दिवसांत शिवायचं असतं," हामादा-सान म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी वाटी स्वतः नेऊन ठेवली, हात जोडले. शैलजा उंबऱ्याबाहेर बसून राहिली. तिने गणपतीची तसबीर सकाळीच खिडकीत ठेवली होती, तिला हात लावता येत नव्हता. तीही हामादा-साननाच काढून रुमालात गुंडाळायला सांगावं लागलं.

मंगळवारी सकाळी तिला फोन करायचा होता, पण तिकडे तेव्हा पहाट असणार. ती दहापर्यंत थांबली. या वेळी ती पेटीत गेली नाही. हामादा-साननी घरातलाच फोन चटईवर तिच्यापुढे आणून ठेवला आणि त्या बाहेर शेवाळ पसरायला गेल्या.

संपदाने पहिल्याच घंटीला उचलला. रणजितने तिला सांगितलं असणार.

"संपे," शैलजा म्हणाली. "कोणता वार होता?"



"गुरुवार," संपदा म्हणाली. "सकाळी. साडेसहाला."

म्हणजे आज सहावा दिवस. शैलजाने बोटांवर मोजलं.

"ताई, तू ओरड मला. काही तरी बोल."

"मी काय ओरडू. मीच शिकवलंय तुला."

"मी त्याचा सूड नाही गं घेतला. देवाशपथ, माझ्या मनात ते आलंसुद्धा नाही. तू एकटी तिथं…"

"माहीत आहे. रडू नको. मला एक सांग फक्त. पाणी घातलंस?"

पलीकडे संपदाने नाक ओढलं.

"संपे."

"मी वाटी आणली होती, ताई. गंगेचं होतं ते. हात थरथरायला लागला. म्हणून ह्यांना म्हटलं, तुम्ही घाला. हे म्हणाले, थांब, तुळशीचं पान आणतो. ते गॅलरीत गेले. मी वाटी धरून बसले होते. ते पान घेऊन आले तोवर…" तिला पुढे बोलता येईना. "गॅलरी किती लांब आहे सांग. चार पावलं."

अंगणात हामादा-सान चटयांवर वाकून शेवाळ उलटत होत्या. शैलजा त्यांच्याकडे बघत राहिली. आईची एकच मागणी. चमचाभर पाणी. माणसं जागच्या जागी होती, पाणी होतं, वाटी होती.

"बरं," ती म्हणाली. आवाज तिलाच परका वाटला. "तिनं मला विचारलं होतं का?"

"बुधवारी विचारलं. दोन-तीनदा. शैली कुठं आहे, शैली कुठं आहे."

"मग?"

"आम्ही सांगितलं, विमानात बसलीय. उद्या पोचेल."

"आणि तिला पटलं?"

"पटलं की. तू खोटं बोलायची नाहीस असं तिचं ठाम होतं, आणि तू येते म्हणाली होतीस. म्हणाली, मग तिच्यापुरता भात ठेवा. विमानात काही खाणार नाही ती. वरून तूप घालू नका, थिजेल. ती आल्यावर वाढा."

शैलजाने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"ठेवला होतास?"

"ठेवला होता, ताई. झाकून ठेवला होता. आई ऐकत होती ना, भांड्याचा आवाज. न ठेवून कसं चालेल. मग गुरुवारी सगळ्या गडबडीत तो तसाच राहिला. संध्याकाळी जोशीकाकूंनी गाईला घातला."

 फोनचं बिल वाढत होतं, आणि ते हामादा-सानच्या घरचं होतं, हे शैलजाला मध्येच सुचलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"दहावा शनिवारी येतो," ती शेवटी म्हणाली. "कृष्णेवर?"

"हो."

"किती वाजता?"

"गुरुजी नऊ म्हणालेत."

"म्हणजे इथं साडेबारा. काय काय करायचंय ते मला एकेक सांग. मला इथं जेवढं जमेल तेवढं करते. थांब, लिहून घेते."

तिने इकडे तिकडे बघितलं. कागद दिसेना. मग तिने दारातून हामादा-सानना हाक मारली आणि हवेत लिहिल्याची खूण केली. त्यांनी ओले हात झग्याला पुसले, आत येऊन कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान टरकन फाडलं, ते पालथं करून तिच्यापुढे ठेवलं आणि पेन्सिल दिली.

"सांग," शैलजा म्हणाली. "हळू सांग. आणि आधी नाक पूस."

संपदा सांगू लागली. दर्भ. तीळ. शैलजा लिहीत गेली. पिंडाचा भात, असं संपदा म्हणाली तिथे तिची पेन्सिल थांबली. मग तिने तेही लिहिलं.